पेट्रोल भरलं की गाडी रुसते? पर्ज व्हॉल्व्ह असा तपासा

"मेस्त्रीनू, पेट्रोल भरला काय गाडी चालूच होणा नाय. टाकी खाली असताना एका चावीत चालू होता. भरली काय सेल्फ मारून मारून बॅटरी उतारता."

आंब्याच्या हंगामात एका ड्रायव्हरदादांनी गॅरेजच्या दारात गाडी लावता लावता हे सांगितलं. गाडी छोटी पेट्रोल पिकअप, मागे देवगड हापूसच्या पेट्या. नांदगावला महामार्ग ओलांडून, फोंडा घाट चढून, राधानगरीवरून कोल्हापूर गाठायचं होतं. इंजिन सीटखाली असतं, आणि ती सीट उचलायच्या आधीच माझं निम्मं निदान झालं होतं. बाकीचं निम्मं बोटाच्या टोकावर झालं, पाच मिनिटांत.

हा लेख गॅरेजात नव्याने लागलेल्या मुलांसाठी आहे, आणि ज्यांचं पोट छोट्या गाडीवर चालतं अशा मालक-ड्रायव्हरांसाठीही. पर्ज व्हॉल्व्ह नावाच्या एका स्वस्त सुट्या भागापायी लोकांचे पेट्रोल पंप, प्लग, कॉइल, इंजेक्टर बदलले जातात आणि गाडी होती तशीच राहते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातूनही तेच झालं. मालवणहून मासळी घेऊन जाणाऱ्या एका भाऊंच्या गाडीत मी टाकीतला पंप बदलला. चौथ्या दिवशी ते परत आले, तक्रार तीच. पंपाचे पैसे मी त्यांना परत केले आणि मग त्या व्हॉल्व्हची आणि त्याच्या पायपांची वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपली. तेव्हा जे कळलं ते इथे लिहितो.

आधी ही भानगड काय आहे ते

एक गोष्ट सुरुवातीलाच. तुमची गाडी डिझेलची असेल तर हा व्हॉल्व्ह तुमच्या गाडीत नाही. डिझेलची वाफ साध्या उन्हात फारशी होत नाही, त्यामुळे ती अडवायची यंत्रणा लागत नाही. टाटा एसचं पेट्रोल मॉडेल, मारुती सुपर कॅरी, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणाऱ्या पिकअप, अशा गाड्यांत तो सापडेल.

पेट्रोल टाकीत नुसतं पडून असलं तरी त्याची वाफ होत राहते. मे महिन्यात जांभ्याच्या कातळावर गाडी उभी असेल तर खालून तापलेला कातळ आणि वरून ऊन, टाकीत वाफ कोंडते. ही वाफ हवेत सोडायची नाही असा नियम आहे. म्हणून टाकीतून एक पाइप निघून कोळशाच्या डब्यात जातो. त्याला कॅनिस्टर म्हणतात. आतला कोळसा खास बनवलेला, बारीक छिद्रांचा असतो आणि तो वाफ धरून ठेवतो. डब्याला तीन तोंडं असतात: एक टाकीकडून येणारं, एक बाहेरच्या हवेला उघडं, आणि तिसरं इंजिनकडे जाणारं. या तिसऱ्या वाटेवर बसवलेला विजेवर चालणारा छोटा दरवाजा म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह.

हा दरवाजा एरवी बंद असतो. वीज मिळाली तरच उघडतो. ही एकच ओळ डोक्यात पक्की बसवा, पुढच्या सगळ्या तपासण्या तिच्यावर उभ्या आहेत. इंजिन गरम झालं, गाडी रस्त्याला लागली की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, या व्हॉल्व्हला सेकंदाला अनेकदा उघडतो आणि मिटतो. इंजिनची ओढ डब्यातली वाफ खेचून घेते, बाहेरच्या तोंडातून ताजी हवा आत शिरते, कोळसा मोकळा होतो आणि ती वाफ इंजिनात जळते. थंड इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू असताना मात्र ईसीयू हा दरवाजा उघडत नाही.

आता तो दरवाजा उघडाच अडकला तर काय होईल बघा. टाकी भरताना आत शिरणारं पेट्रोल टाकीतली सगळी वाफ डब्याकडे ढकलतं. डबा वाफेने गच्च होतो. तुम्ही पैसे देऊन सेल्फ मारता आणि त्या उघड्या दारातून ती सगळी वाफ इंजिनात घुसते. इंजेक्टर आपलं पेट्रोल देतोच आहे, वर ही वाफ. गाडी ओव्हर होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. म्हणून तक्रार "पेट्रोल भरल्यावर" अशीच येते.

लक्षणं ऐकताना

गिऱ्हाइकाला बोलू द्या, मध्ये तोडू नका. पेट्रोल भरल्यावर गाडी चालू व्हायला त्रास देते, ॲक्सिलरेटर थोडा दाबून सेल्फ मारला तर गुरगुरत चालू होते आणि दोनेक मिनिटांनी सरळ होते, असं ऐकलंत की संशय या व्हॉल्व्हवर. स्लोवर मिसिंग, सिग्नलला उभी असताना बंद पडणं, पेट्रोलचा वास, पीयूसीच्या वेळी स्लोवर आकडा जास्त येणं, हीसुद्धा लक्षणं त्याचीच असू शकतात. पण ती इतर दहा कारणांनीही येतात.

उलटही घडतं. टाकी खाली, डबा कोरडा, आणि व्हॉल्व्ह उघडा अडकलेला. मग त्या वाटेने नुसती हवा आत येते आणि गाडी एअर घेते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. म्हणजे एकच बिघाड एका दिवशी गाडीला ओव्हर करतो आणि दुसऱ्या दिवशी कोरडी. आज एक तक्रार आणि उद्या दुसरी घेऊन आलेला माणूस खोटं बोलत नसतो. टाकीत पेट्रोल किती होतं, तेवढं फक्त विचारा.

व्हॉल्व्ह बंदच अडकला तर गाडी चालवताना बहुधा काहीच जाणवत नाही. डबा मोकळा होत नाही, गाडीच्या मागे पेट्रोलचा वास येतो, एवढंच.

चेक लाइटबद्दल

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम पाळणाऱ्या, गाड्या सक्तीच्या झाल्या. इंजिनचा चेक लाइट लागला की त्यांना स्कॅनर, म्हणजे ईसीयूने नोंदलेले बिघाड वाचणारं यंत्र, लावून कोड मिळतो. पी ०४४३, पी ०४४४, पी ०४४५, पी ०४५८, पी ०४५९ हे सगळे कोड या व्हॉल्व्हच्या वायरिंगचे आहेत: कुठे तार तुटली, कुठे शॉर्ट, कुठे कॉइल गेली. पी ०४४१ आणि पी ०४९६ हे वाफेच्या प्रवाहाचे. पी ०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त, पी ०१७१ म्हणजे हवा जास्त.

इथे नवी मुलं दोनदा फसतात. पहिली फसगत अशी की पी ०४४३ दिसला रे दिसला की व्हॉल्व्ह मागवतात. कोड सांगतो की त्या वायरीवर काहीतरी बिघडलंय. व्हॉल्व्हचं नाव तो घेत नाही. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तर कपलर, म्हणजे तारा जोडणारा सॉकेटच, गेलेला असण्याची शक्यता मोठी. दुसरी फसगत याच्या उलट: लाइट नाही म्हणजे व्हॉल्व्ह चांगला. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांचा ईसीयू या व्हॉल्व्हची फक्त वीज बघतो. कॉइल चांगली आहे, तार जोडलेली आहे, की त्याचं समाधान झालं. आतला पडदा कोळशाच्या दाण्यावर अडकून अर्धा उघडा राहिला असेल तर ते त्याला कळतच नाही. त्या आंब्याच्या गाडीलाही चेक लाइट नव्हता.

अमेरिकन गाड्यांचे व्हिडिओ बघून काही मुलं आधी टाकीचं झाकण बदलायला सांगतात. तिकडच्या गाड्या टाकीपासून इंजिनपर्यंतची गळती स्वतः तपासतात, हवेच्या तोंडालाही वेगळा विजेचा व्हॉल्व्ह असतो. आपल्या छोट्या पिकअपमध्ये ते तोंड बहुधा साधा पाइप असतो. व्हिडिओ जरूर बघा, पण गाडी आपली समजून काम करा.

हाताशी काय हवं

मल्टिमीटर, पक्कड, एक हातभर स्वच्छ पारदर्शक पाइप, बॅटरी, मध्ये लहान फ्यूज घातलेल्या दोन तारा, पांढरं फडकं. स्कॅनर असला तर उत्तम. मोबाइलला जोडायचा साधा स्कॅनर चालतो.

आणि सावधगिरी, जी मी कुणालाही सोडू देत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते. गाडी खड्ड्यावर घेऊन काम करत असाल तर खड्ड्यात वाफ साचते. जवळ बिडी, अगरबत्ती, वेल्डिंग काहीही नको. पंखा लावा, दार उघडं ठेवा. तोंडाने कुठलाही पाइप ओढायचा नाही. फुंकायचा असेल तर व्हॉल्व्ह गाडीवरून काढून, पुसून, स्वच्छ पाइप लावून. आणि व्हॉल्व्हला बॅटरी देऊन बघताना तो टाकीपासून, डब्यापासून लांब, बाहेर अंगणात न्यायचा, कारण तार टेकवताना ठिणगी उडते.

पायरी पहिली: व्हॉल्व्ह शोधा

इनटेक मॅनिफोल्ड किंवा थ्रॉटल बॉडीपासून (इंजिनात हवा जाते ती वाट) निघणारे बारीक पाइप बघा. त्यातला एक बोटाएवढ्या लांबीच्या काळ्या प्लास्टिकच्या तुकड्यात शिरतो. त्या तुकड्याला दोन नळ्या आणि दोन तारांचा कपलर असतो. तिथून दुसरा पाइप चासीला धरून मागे डब्याकडे जातो. ब्रेकचा बूस्टर पाइप याच भागात असतो, त्याच्याशी गल्लत करू नका. ब्रेकचा पाइप जाड असतो.

पायरी दुसरी: नुसतं बघा

कपलर काढा आणि उजेडात धरा. किनाऱ्यावरच्या गाडीत मी सगळ्यात आधी इथे बघतो. मालवण, देवगड, वेंगुर्ला, हर्णै, कुठल्याही बंदरावर मासळी भरणाऱ्या गाडीत हौद्यातून बर्फाचं खारं पाणी गळत राहतं आणि चासीवरून वाट मिळेल तिकडे जातं. पिना चकचकीत असायला हव्यात. त्यांच्या मुळाशी हिरवट पांढरी भुकटी दिसली, पिनेला नखाने खरवडल्यावर ती तुटायला आली, तर तुमचा पी ०४४३ तिथेच आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ ब्रशने घासून, सुकवून परत लावा. पिना खाल्ल्या गेल्या असतील तर कपलर नवा जोडा. तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळू नका. एका पावसाळ्यात तो जोड पुन्हा हिरवा पडतो. आपल्या कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे टेपला सांगून उपयोग नाही. सोल्डर करा, वर श्रिंक ट्यूब चढवा.

मग पाइप. बोटांनी दाबत दाबत जा, कडक झालेला, चिरलेला, उंदराने कुरतडलेला भाग हाताला कळतो. गाडी खळ्यात किंवा मांगराजवळ उभी राहत असेल तर उंदीर हमखास.

पायरी तिसरी: बोटाची तपासणी

हीच सगळ्यात महत्त्वाची, आणि तिला एक पैसा लागत नाही. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे सकाळची वेळ चांगली. गाडी चालू करून स्लोवर ठेवा. व्हॉल्व्हकडून डब्याकडे जाणारा पाइप व्हॉल्व्हवरून काढा आणि व्हॉल्व्हच्या त्या उघड्या नळीवर बोटाचं टोक ठेवा. सुटलेल्या पाइपाच्या तोंडाला कापडाचा बोळा लावा.

बोटाला काहीच जाणवलं नाही तर दरवाजा बंद आहे, जसा असायला हवा तसा. बोट ओढलं गेलं, चिकटलं, आणि बोट ठेवताच इंजिनचा आवाज सुधारला, तर दरवाजा उघडा आहे.

आता घाई करू नका. कपलर काढा, बोट तिथेच ठेवा. ओढ तशीच राहिली तर व्हॉल्व्ह आतून अडकलाय, निकाल लागला. कपलर काढल्यावर ओढ थांबली तर व्हॉल्व्ह चांगला आहे आणि त्याला कुणीतरी वीज देतंय. थंड इंजिनला ईसीयू वीज देणार नाही, म्हणजे व्हॉल्व्हला अर्थिंग (मायनस) देणारी तार कुठेतरी चासीला घासून उघडी पडलीय. ती शोधा. या दोन निकालांमधला फरक न बघता व्हॉल्व्ह बदलणारे नवा व्हॉल्व्ह घालून पुन्हा त्याच जागी येतात.

त्या आंब्याच्या गाडीत दादांना मी स्वतः बोट ठेवायला सांगितलं. कपलर माझ्या हातात लोंबत होता आणि त्यांचं बोट नळीला चिकटलं होतं. त्यांनी बोट हळूच उचललं तसा "फुस्स" असा आवाज झाला आणि इंजिन डगमगलं. परत ठेवलं, सरळ झालं. तीन वेळा त्यांनी ते करून बघितलं. गिऱ्हाइकाला आपल्या हाताने समजलं की मग पैशांवरून वाद होत नाही.

पायरी चौथी: स्कॅनर असेल तर

इंजिन गरम करा आणि स्कॅनरवर पर्जचा टक्का (ईसीयू व्हॉल्व्ह किती उघडतोय) आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय) एकत्र बघा. पर्ज शून्य टक्के दाखवतोय आणि बोटाला ओढ लागतेय, तर यापेक्षा मोठा पुरावा नको. ट्रिम उणे पंधरा, उणे वीसकडे गेलेली असेल आणि पाइप चिमटा लावून दाबल्यावर ती शून्याकडे येत असेल, तर जादा पेट्रोल याच वाटेने येत होतं. तोच पाइप दाबूनही ट्रिम हलली नाही तर व्हॉल्व्हला सोडा, इंजेक्टर आणि सेन्सरकडे वळा.

पायरी पाचवी: मीटर

कपलर काढून व्हॉल्व्हच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. थंड असताना बहुतेक व्हॉल्व्ह २० ते ३० ओहमच्या आसपास दाखवतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. शून्याजवळ आला तर कॉइल शॉर्ट, आणि अशा व्हॉल्व्हवर गाडी चालवत राहिलात तर ईसीयूवर ताण येतो.

मग चावी ऑन करून गाडीकडच्या कपलरात, एक टोक बॅटरीच्या मायनसला लावून, दोन्ही पिना तपासा. एकीवर बॅटरीएवढे, १२ व्होल्टच्या आसपास, यायला हवेत. आले नाहीत तर फ्यूज आणि रिले बघा. दुसरी पिन ईसीयूकडे जाते. तिला बॅटरीची तार थेट कधीच लावू नका. ईसीयूची किंमत ऐकलीत तर हात आपोआप मागे येईल. तिथे सिग्नल बघायचाच असेल तर दोन पिनांमध्ये एलईडीचा टेस्टर लावा. गाडी गरम करून थोडी रेस दिली की तो लुकलुकायला हवा.

पायरी सहावी: बाहेर काढून

व्हॉल्व्ह काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली नळी कुठल्या बाजूला ते. बाहेर आणून, पुसून, स्वच्छ पाइप लावून फुंका. वीज नसताना हवा अजिबात जाता कामा नये. थोडीशी जाते, "चालतंय की" असं म्हणू नका. थोडीशी गळतीच स्लो बिघडवते. मग फ्यूज असलेल्या तारांनी १२ व्होल्ट द्या. "टक्" असा स्वच्छ आवाज आला पाहिजे आणि हवा मोकळी गेली पाहिजे. तार काढताच पुन्हा बंद. हे आठ-दहा वेळा करा. काही व्हॉल्व्ह पहिल्या पाच वेळा नीट चालतात आणि सहाव्याला अडकतात. नुसता "टक्" ऐकून व्हॉल्व्ह पास करू नका. आवाज येतो म्हणजे आतली दांडी हलली. दार नीट मिटलं की नाही ते फुंकल्यावरच कळतं.

पायरी सातवी: तो का अडकला?

बरेच जण इथपर्यंत येऊन थांबतात आणि नवा व्हॉल्व्ह लावून गाडी सोडतात. महिन्याभराने गाडी परत येते.

काढलेला व्हॉल्व्ह पांढऱ्या फडक्यावर उलटा धरा आणि हलकेच आपटा. त्या आंब्याच्या गाडीच्या व्हॉल्व्हमधून मोहरीपेक्षा बारीक काळे दाणे पडले, आणि बोटाने चोळले तर काजळीसारखी रेघ उठली. तो डब्यातला कोळसा. डबा आतून फुटलाय, आणि त्याचे दाणे पायपातून येऊन व्हॉल्व्हच्या दारात बसतायत. नवा व्हॉल्व्ह लावलात तर त्याच्याही दारात बसणार. अशा वेळी डबा बदलावाच लागतो आणि मधला पाइप दोन्हीकडून मोकळा करून, व्हॉल्व्हच्या उलट दिशेने हवा मारून साफ करावा लागतो. डबा व्हॉल्व्हपेक्षा महाग. गिऱ्हाइकाला ते आधी सांगा, फडक्यावरचे दाणे दाखवून सांगा.

आणि डबा का फुटला? मी दादांना विचारलं, पेट्रोल कसं भरता. ते म्हणाले, "काठोकाठ. पुढे घाटात पंप खंय?" त्यांचं म्हणणं खरं आहे, घाटवाटेवर पंप लांब लांब. पण नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाल्यावर टाकीत वर जी जागा उरते ती वाफेसाठी ठेवलेली असते. गाडी हलवून हलवून, नोझल थोडं वर घेऊन आणखी दोन लिटर कोंबले की पेट्रोल वाफेच्या पायपात चढतं आणि सरळ डब्यात जातं. कोळसा वाफ धरायला बनवलाय, पातळ पेट्रोलात भिजला की तो निकामी होतो आणि हळूहळू त्याचा चुरा होतो. दोन लिटरांसाठी डबा आणि व्हॉल्व्ह दोन्ही जातात. पुढच्या घाटाची काळजी असेल तर सोबत पेट्रोलचा कॅन न्यायची सवयही धोक्याची. घाटाच्या अलीकडच्या पंपावर थांबून टाकी पहिल्या खटक्यापर्यंत भरा, तेवढं पेट्रोल घाट चढायला पुरतं.

आता डब्याचं हवेचं तोंड बघा, आणि हे किनाऱ्यावरच्या लोकांनी जरा जास्त लक्ष देऊन. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मासळीच्या गाड्या दोन महिने माडाखाली, ताडपत्रीखाली उभ्या. त्या काळात कुंभारीण माशी त्या बारीक पायपाच्या तोंडात मातीचं घर बांधते. ऑगस्टमध्ये गाडी बाहेर काढली की तक्रार येते: पंपावर नोझल सारखं खटकतं, पेट्रोल आत जातच नाही, झाकण उघडलं की जोरात फुसकारा. टाकीतली हवा बाहेर जायला वाटच नसते. त्यातच पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर इंजिन टाकीतली हवा ओढत राहतं आणि टाकी आत चेपू शकते. पाइप काढून बारीक तारेने माती बाहेरच्या बाजूने उकरा. आत ढकलू नका. हवेचा दाब डब्याच्या दिशेने मारू नका. तांबड्या मातीच्या रस्त्यावरच्या गाड्यांत तिथे मातीचा थर बसून चिकटा होतो, तोही याच पद्धतीने काढा.

रस्त्यातच अडकलात तर

घाटात गाडी बंद पडू लागली आणि खात्री झाली की दोष या व्हॉल्व्हचाच, तर इंजिन आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला रबरी पाइप चिमट्याने किंवा पकडीने घट्ट दाबून, दोरीने बांधून गाडी गावापर्यंत नेता येते. गाडी नीट चालेल. पण डबा मोकळा होणार नाही आणि वाफ बाहेर पडत राहील. उन्हात भरलेल्या टाकीच्या शेजारी पेट्रोलची वाफ म्हणजे काय ते सांगायला नको. घरी पोचण्यापुरतंच हे करा. काही गाड्या वर्षानुवर्षं तो पाइप बुजवून फिरताना मी बघतो. त्यातली एकही माझ्या दारात आली तर मी तो आधी उघडतो.

पंपावर सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला तर बऱ्याच गाड्यांत ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं. पाच-सात सेकंद सेल्फ, मग निदान अर्धं मिनिट विश्रांती. सलग मारत राहिलात तर स्टार्टर तापतो.

नवा लावताना

व्हॉल्व्हवर बाण असेल तर त्याची दिशा बघा. वाफ डब्याकडून इंजिनकडे जाते. नळ्या उलट लागल्या तर काही व्हॉल्व्ह ओढीने स्वतःच उघडतात. जुन्या क्लिपा ढिल्या झाल्या असतील तर नव्या घाला. लावण्याआधी नवा व्हॉल्व्हसुद्धा फुंकून बघा. खोक्यातून नवा काढलेला आणि गळका, असेही मला मिळालेत. कपलरात थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, ते खारं पाणी लांब ठेवतं. मग कोड पुसा, इंजिन थंड होऊ द्या आणि बोटाची तपासणी पुन्हा एकदा करा.

त्यानंतर गिऱ्हाइकाला सोबत घेऊन मी पंपावर जातो. टाकी पहिल्या खटक्यापर्यंत भरायची, झाकण लावायचं, लगेच चावी फिरवायची. चालू झाली तर बंद करून सावलीत दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वाफ डब्यात बसते, आणि पुन्हा चावी फिरवायची. त्या दिवशी दादांनी दोन्ही वेळा स्वतः सेल्फ मारला. दुसऱ्या वेळी गाडी अर्ध्या चावीत लागली. त्यांनी पेट्यांवरची ताडपत्री एकदा ओढून बघितली आणि नांदगावच्या दिशेने गाडी काढली.